आकृतीतील अक्षर

काही दिवसांपूर्वी एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी आपल्या लघुप्रबंधातील एक आलेख दाखवायला माझ्याकडे आली. विसाव्या शतकातील दोन-तीन मराठी नियतकालिकांच्या अनुक्रमणिका तपासून, कोणत्या दशकात कोणत्या वाङ्मयप्रकाराला किती जागा मिळाली याची मोजदाद तिने केली होती. काम चोख होते. आलेख तिने पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब नावाच्या साधनाने काढला होता. आडव्या अक्षावर दशके, उभ्या अक्षावर टक्केवारी आणि प्रत्येक रेषेशेजारी वाङ्मयप्रकाराचे नाव. पहिल्या प्रयत्नात नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटले, कारण त्या साधनाच्या मूळच्या फाँटात देवनागरी अक्षरेच नव्हती. मग तिने देवनागरी फाँट जोडला. आता 'कथा', 'नाटक' आणि 'कादंबरी' सुखरूप उमटले. 'कविता' या शब्दातील वेलांटी मात्र 'व'वरून घसरून 'त'ला चिकटली होती. 'ललित'चेही तेच झाले होते. 'चरित्र' आणि 'समीक्षा' यांतील जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली सुटी अक्षरे एकामागे एक उभी होती.

"मॅडम, कथा-नाटक वाचले, पण कविता आणि समीक्षा काही केल्या धड येत नाहीत," ती म्हणाली. तिच्या मनात विनोद नव्हता, पण आम्ही दोघीही हसलो. मग तिने दबकत विचारले, "लेबलं इंग्रजीत टाकू का? सगळे तसंच करतात."

सगळे तसेच करतात हे खरेच आहे. मराठीतील अर्थशास्त्राचे, भूगोलाचे, विज्ञानाचे, आणि आता साहित्याचेही किती प्रबंध असे दिसतात, की मजकूर मराठी आणि चौकटीत शिरताच इंग्रजी! जणू आकृती हा मजकुरात वसलेला एखादा परकीय वकिलातीचा बंगला आहे आणि त्याच्या फाटकाच्या आत आपले कायदे चालत नाहीत. असे का झाले? आकृतीतील अक्षर मजकुरातील अक्षरापासून केव्हा फुटून निघाले? ते पुन्हा एक व्हावे हा आग्रह सौंदर्यदृष्टीचा हट्ट म्हणायचा की त्यात आणखी काही आहे? या प्रश्नांचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे, आणि त्याची बरीच पाने पुण्यात घडलेली आहेत.

आरंभ भूमितीपासून करू. आपल्या परंपरेत आकृतीच्या बिंदूंना अक्षरे देण्याची चाल फारशी नव्हती. 'लीलावती'सारख्या ग्रंथात उदाहरण सांगून झाले की 'न्यास' येतो, म्हणजे दिलेली माहिती मांडून दाखवली जाते. तेथे भुजा, कोटी, कर्ण, लंब अशी बाजूंची नावे असतात आणि त्यांच्यालगत मापे लिहिलेली असतात. आकृतीच्या अवयवांना नावे होती; त्यांना अक्षरांची खूण लागत नव्हती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथाने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. त्या 'रेखागणिता'तील आकृत्यांवर 'अ, ब, ज, द' अशी अक्षरे आहेत. संस्कृत वर्णमालेत 'अ'नंतर 'ब' येत नाही. हा क्रम अरबी वर्णांचा आहे: अलिफ, बा, जीम, दाल. आता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत काढलेला 'त्रिकोण अबक' आठवावा. त्याला चौथा बिंदू जोडला की तो 'अबकड' होतो. हा क्रमही आपल्या वर्णमालेचा नव्हे. इंग्रजी 'ए, बी, सी, डी' येथे देवनागरी वेश घालून आलेले दिसतात. म्हणजे आकृतीवरची चार अक्षरे पाहून ही भूमिती कोणत्या भाषेच्या दारातून आली हे सांगता येते. पाठचिकित्सकाने हस्तलिखिताच्या समासातील खुणा वाचाव्यात तशी ही अक्षरे वाचता येतात. आकृतीवरील अक्षर संहितेचाच भाग असते, आणि संहितेप्रमाणे त्यालाही परंपरा असते.

पुढचा टप्पा छपाईचा. १७८६ साली विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख प्रसिद्ध केले. आज आपण ज्याला रेषालेख म्हणतो त्याचा आरंभ बहुधा तेथून मानतात. ते आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. ज्या अवजाराने वक्ररेषा कोरली त्याच अवजाराने शीर्षकाची वळणदार अक्षरेही कोरली गेली. रेषा आणि अक्षर एका हाताची होती.

आपल्याकडे हे ऐक्य शिळाछापाने आणले. शिळाछापाचा शोध १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने लावला. तो नाटककार होता आणि आपली नाटके स्वस्तात छापण्याची युक्ती शोधत होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. या छपाईत खिळ्यांची गरज नसते. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवला की जे लिहिले ते छापले जाते, मग ते अक्षर असो, रेषा असो वा वेलबुट्टी. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी पुस्तके तयार झाली. त्या काळातील अनेक शालेय पुस्तके शिळाप्रेसवर निघाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेही शिळाप्रेसवर. अशा पुस्तकांत मजकूर लिहिणारा लेखक, म्हणजे सुंदर अक्षर काढणारा कारागीर, आकृतीवरची अक्षरेही त्याच बोरूने काढू शकत होता. मजकुरातील 'अ' आणि त्रिकोणाच्या शिरावरचा 'अ' यांत परकेपणा उरत नव्हता. पुढे शिळाछाप मागासलेला ठरला. पण आज लाखो ओळींची आज्ञावली लिहून आपण जे साधू पाहतो, ते त्या दगडावर सहज साधत होते.

खिळ्यांची छपाई आली आणि हे ऐक्य भंगले. देवनागरी खिळ्यांचा पसारा अवाढव्य. मूळ वर्ण, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, रुकार, वर-खाली बसणारे मात्रा-उकार मिळून जुळाऱ्यापुढील केसमध्ये शेकडो खण असत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने या खिळ्यांना जे देखणेपण दिले, त्याने मराठी व संस्कृत ग्रंथांचा चेहरा घडवला. ते खिळे ओळीत बसत. आकृतीत शिरू शकत नव्हते. आकृतीसाठी लाकडाचा वा जस्ताचा वेगळा ठसा करावा लागे. तो करणारा कारागीर वेगळा आणि त्यावरील अक्षर त्याच्या हाताचे. काही छापखान्यांनी, विशेषतः युरोपात, ठशाला खाच पाडून तीत खिळे बसवण्याची युक्ती योजली होती. पण ते काम वेळखाऊ होते, आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली जागा मागणाऱ्या आपल्या लिपीत तर आणखीच किचकट.

कोष्टकाची गोष्ट निराळी. कोष्टक म्हणजे उभ्या-आडव्या रेषा आणि खिळे, सारे जुळाऱ्याच्या हातातले. पुण्यातील एकोणिसाव्या शतकातील ज्योतिषविषयक ग्रंथ पाहावेत. केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० सालची. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये पुण्यात छापला गेला. या परंपरेत अंक मराठी आहेत, स्तंभांची शीर्षके मराठी आहेत, संज्ञा मराठी आहेत. कोष्टकात मराठी पूर्णपणे स्वगृही होती.

खिळ्यांच्या संख्येचा हा प्रश्न पुण्याच्या विचारविश्वात पुष्कळ घोळत राहिला. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. पुढे सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागेही छपाई आणि टंकलेखन सुलभ करण्याचा विचार होता. या दोन्ही प्रयत्नांत एक गृहीतक समान आहे: यंत्राला लिपी झेपत नसेल तर लिपीने थोडे वाकावे. हे गृहीतक लक्षात ठेवू, कारण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याच्याच पुढच्या पिढीतला आहे.

आता भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जाऊ. १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प झाला. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग आला, आणि १९६६ मध्ये महाभारताची संहिता पूर्ण झाली. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर देवनागरीत संहिता, खाली बारीक अक्षरात पाठभेद. पाठभेद देवनागरीत आहेत, पण ते ज्या हस्तलिखितांतील आहेत त्यांच्या खुणा रोमन लिपीत आहेत. तेलुगू लिपीतील पोथ्यांसाठी 'टी', ग्रंथ लिपीसाठी 'जी', मल्याळमसाठी 'एम'. आणि देवनागरी पोथ्यांसाठी? 'डी'. देवनागरी पोथीची ओळख देवनागरी पानावर रोमन अक्षराने दिलेली आहे. १९३३ मध्ये आदिपर्वाला जोडलेल्या विख्यात इंग्रजी प्रस्तावनेत सुखटणकरांनी पाठपरंपरांचा वंशवृक्ष काढला आहे. त्यातील नावेही अर्थातच रोमन आहेत.

यात दोष काढण्याचा हेतू नाही. ती आवृत्ती जगभरच्या विद्वानांसाठी होती, आणि पाश्चात्य पाठचिकित्सेची चिन्हपद्धती स्वीकारल्याने ती सर्वांना वाचता आली. शिवाय दोन लिप्यांच्या भेदामुळे पाठ कोणता आणि पोथीची खूण कोणती हे डोळ्यांना चटकन कळते. ही सोय खरी आहे. मात्र ती एका विचारान्ती केलेल्या निवडीतून आली होती. आज आलेखात रोमन लेबले येतात ती निवडीतून नव्हेत, नाइलाजातून. हा फरक महत्त्वाचा आहे.

संगणकाच्या युगात या फुटीची जाणीव सर्वप्रथम तीव्रतेने झाली ती एका गणिती मनाच्या माणसाला. डोनाल्ड कनुथ यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापला गेला होता. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तोवर प्रकाशकाने प्रकाशजुळणीचे तंत्र स्वीकारले होते. ती मुद्रिते त्यांना इतकी कुरूप वाटली की हातातले लेखन बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली रचायला घेतली. तिचे नाव टेक. ग्रीक भाषेतील ज्या शब्दाचा अर्थ कला आणि कौशल्य असा दोन्ही होतो, त्याच्या आरंभीच्या तीन अक्षरांवरून ते घेतले आहे. तिच्यासोबत त्यांनी अक्षरे घडवण्याची मेटाफाँट ही भाषा रचली आणि तिच्यातून कॉम्प्युटर मॉडर्न हे अक्षरकुल घडवले. जुन्या मोनोटाइप खिळ्यांच्या एका वळणावर ते बेतलेले आहे. थोड्या काळाचे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. १९८० च्या दशकाच्या मध्यास लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लाटेक ही सोपी रचना उभारली, आणि गणित व भौतिकशास्त्राचे शोधनिबंध त्या अक्षरांत दिसू लागले.

येथे तीच जुनी फूट पुन्हा प्रकटली. मजकूर लाटेकच्या डौलदार अक्षरांत, आणि आलेख दुसऱ्याच साधनाने काढलेले. त्या काळच्या आलेखनयंत्रांना पेन धरून रेघा ओढता येत, म्हणून त्यांची अक्षरे सुट्या रेघांची असत. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील ॲलन हर्शी यांनी १९६७ मध्ये अशा रेघांच्या अक्षरांचा मोठा संच प्रसिद्ध केला होता. त्यात रोमन, ग्रीक, रशियन, जपानी अक्षरे होती; देवनागरी नव्हती. शास्त्रज्ञांना ही विसंगती खुपू लागली. मजकुरात तिरप्या, नाजूक वळणाचा 'एक्स' आणि अक्षावर काटकुळा, ताठ 'एक्स' आला, तर ती दोन्ही चिन्हे एकाच राशीची आहेत हे वाचकाने कशावरून मानावे? गणितात अक्षराच्या वळणालाही अर्थ असतो. ठळक अक्षर म्हणजे सदिश, तिरपे अक्षर म्हणजे चल राशी. तेव्हा आलेखात लाटेकसारखी अक्षरे हवीत ही मागणी नुसत्या नटण्यामुरडण्याची नव्हती. एका चिन्हाला सर्वत्र एकच रूप हवे, ही मागणी मुळात भाषिक होती.

तिच्यावरील उपायही वाचनीय आहेत. १९८६ मधील न्यूप्लॉट या आलेखनसाधनात लवकरच अशी सोय आली, की रेषा साधनाने ओढाव्यात आणि अक्षरे लाटेकवर सोपवावीत. जॉन हॉबी यांच्या मेटापोस्टने मेटाफाँटचीच भाषा आकृत्यांसाठी वापरली आणि लेबले टेककडून जुळवून घेतली. पीएसफ्रॅग नावाच्या साधनात तर आकृतीत आधी एखादी तात्पुरती खूण लिहावी आणि छपाईच्या वेळी ती काढून तिच्या जागी लाटेकचे अक्षर बसवावे अशी योजना होती. ठशाला खाच पाडून खिळा बसवण्याची ती जुनी युक्तीच की! जॉन हंटर यांनी २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब सिद्ध केले, त्यातही पुढे दोन मार्ग आले. एकात ते साधन कॉम्प्युटर मॉडर्नसारखी अक्षरे स्वतःच वापरते, दुसऱ्यात सारी अक्षरे लाटेककडून जुळवून आणते. रोमन लिपीपुरती फूट सांधली गेली.

देवनागरीचे काय? येथे १९९१ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स फेल्टहाउस यांनी मेटाफाँटमध्ये घडवलेली देवनागरी अक्षरे टेकसाठी उपलब्ध करून दिली. रोमन लिपीत ठरावीक पद्धतीने टंकलेला मजकूर आधी एका छोट्या कार्यक्रमातून जाई, तो जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवून देई, आणि मग टेक पान रचत असे. जगभरच्या संस्कृतज्ञांनी ही पद्धत उचलली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचे इस्की हे मानक भारतीय मानक संस्थेने स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेला होता. आणि त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञांचे निबंध टेकच्या रूपात साठवणारे अर्काइव्ह हे भांडार सुरू झाले.

पुण्यात यातील दोन धारा शेजारी-शेजारी वाहत होत्या. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात स्थापन झाले. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकाराने विकसित झालेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्र तेथे आले. त्याच वर्षी जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, आयुका, स्थापन झाले. दोन्ही संस्था गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात वसल्या. एकीकडे देवनागरीला संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे काम, दुसरीकडे जगभरच्या खगोलशास्त्राशी टेकच्या भाषेत होणारी देवघेव. मधले अंतर चालत जाण्याचे होते. खुद्द नारळीकर इंग्रजीत संशोधन आणि मराठीत विज्ञानकथा अशा दोन्ही घरांत सहजपणे वावरले. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका माणसात जे सांधले गेले होते ते साधनांमध्ये सांधले गेले नाही. कारण सरळ आहे. मराठी अक्षरजुळणीची गरज कार्यालये, वृत्तपत्रे आणि प्रकाशक यांची मानली गेली, आणि आलेखांची गरज शास्त्रज्ञांची. मराठीतून आलेख काढणारा शास्त्रज्ञ ही व्यक्ती कोणाच्याच हिशेबात नव्हती.

१९९० च्या दशकात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकची साधने यांनी मराठी प्रकाशनाचा कायापालट केला. पण त्या फाँटांचे संकेत ज्याचे त्याचे होते. एका फाँटातील 'क' दुसऱ्यात भलतेच चिन्ह होई. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असल्यामुळे आलेखात ते वापरायचे तर तुकडे हाताने जुळवावे लागत. अनेकांनी तेही केले. आलेखावर पांढरा चौकोन डकवून त्यावर मराठी शब्द बसवलेले प्रबंध मी पाहिले आहेत. खाच पाडण्याचाच तोही एक प्रकार.

युनिकोडने संकेतांचा गोंधळ मिटवला, पण एक नवी अट घातली. युनिकोडमध्ये मजकूर उच्चारक्रमाने साठवला जातो. 'वि' मध्ये आधी 'व' आणि मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी 'व'च्या आधी लिहायची असते. 'क्ष' साठवताना 'क', पाय मोडण्याची खूण आणि 'ष' अशी तीन चिन्हे असतात. त्यांचे एक रूप करणे हे जुळाऱ्याचे काम. म्हणजे देवनागरीसाठी नुसता फाँट पुरत नाही, त्या फाँटातील अक्षरे जुळवणारा संगणकीय जुळारीही लागतो. मॅटप्लॉटलिबमध्ये दीर्घकाळ असा जुळारी नव्हता. ते संकेतामागून संकेत घेऊन त्याचे चित्र ओळीत मांडत असे. म्हणून 'कथा' वाचली आणि 'कविते'ची वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. माझ्या विद्यार्थिनीच्या आलेखातील प्रत्येक चूक अशी नियमबद्ध होती. बिघाडाला व्याकरण होते म्हणा ना.

उपायही त्याच व्याकरणातून निघाला. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक ही टेकची नवी आवृत्ती आणली. तिला युनिकोड कळते आणि देवनागरीची जुळणी येते. मॅटप्लॉटलिबमध्ये पुढे अशी एक वाट उघडली, की साधनाने फक्त रेषा ओढाव्यात आणि लेबलांचा मजकूर जसाच्या तसा झीटेकच्या हाती द्यावा. आम्ही तो मार्ग धरला. फाँट म्हणून मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका निवडला. त्यात ११०० हून अधिक जोडाक्षरांची सोय आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही चालला असता. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' मिळतो की नाही तेवढे तपासले, कारण अनेक प्रचलित फाँटांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाची असतात आणि मजकुरात एक 'ल' व आकृतीत दुसरा 'ल' ही नवी फूट आम्हाला नको होती. दुपारभर खटपट केल्यावर आलेख उमटला. प्रबंधाचा मजकूरही तिने त्याच अक्षरांत लावला.

आता शंका. इतके करून मिळवले काय? आलेखातील आकडे तेच, निष्कर्ष तोच. शिवाय देखण्या अक्षराचा एक धोकाही आहे. लाटेकची अक्षरे पाहताच आपण नकळत मानतो की हे शास्त्र आहे, पक्के आहे. कच्च्या मोजणीलाही ती अक्षरे भारदस्तपणा देतात. मी तिला हेही सांगितले, की अनुक्रमणिकेतील 'ललित' आणि 'निबंध' यांतील सीमारेषा प्रत्येक संपादकाने वेगळी आखलेली असते, आणि ती अनिश्चितता आलेखात दिसली पाहिजे. सुबक अक्षराखाली ती झाकली जाता कामा नये.

तरीही आलेख मराठीतच हवा, असे मी म्हटले. कारण याच 'ललित' शब्दात आहे. लेबल इंग्रजीत द्यायचे तर 'ललित' या रेषेवर काय लिहिणार? इंग्रजीत त्याला नेमका शब्द नाही. 'निबंध'वाचक शब्द वापरावा तर मराठीत 'निबंध' वेगळा आहे आणि त्याची रेषा त्याच आलेखात शेजारून चालली आहे. म्हणजे भाषांतर करताच दोन रेषा एक होणार, किंवा एकीला खोटे नाव मिळणार. लेबल ही मोजणीची व्याख्या असते. ती बदलली की मोजलेली वस्तूच बदलते. तिने ज्या नोंदी मोजल्या त्या मराठी संपादकांनी मराठी संज्ञांखाली केलेल्या आहेत, तेव्हा आलेखाला त्याच संज्ञांची भाषा बोलावी लागेल. जगन्नाथाच्या 'अबजद'मध्ये अरबी वाट दिसते, शाळेच्या 'अबकड'मध्ये इंग्रजी. साहित्याच्या अभ्यासात आलेख आता येऊ लागले आहेत आणि वाढतच जातील. त्यांच्यावरची अक्षरे पुढच्या काळातला कोणीतरी अशीच वाचील आणि आमची मोजमापे कोणत्या भाषेत विचार करून केली होती हे ताडील.

यंत्राला झेपावे म्हणून लिपीने वाकावे, हा एका काळाचा विचार होता. त्या काळच्या धातूच्या अडचणी खऱ्या होत्या आणि त्यांच्याशी झगडणाऱ्यांचा हेतूही निर्मळ होता. आज अडचण धातूची राहिलेली नाही. ती सवयीची आहे, आणि काही अंशी आपण मागणीच न केल्याची. कनुथ यांना मुद्रिते आवडली नाहीत म्हणून त्यांनी दहा वर्षे घालवली. आमची एक दुपार गेली.

विद्यार्थिनीचा लघुप्रबंध आता बांधणीला गेला आहे. आलेखातील 'कविता' जागेवर आहे. तिची रेषा मात्र शेवटच्या दोन दशकांत खाली उतरत जाते, आणि ते का, हा प्रश्न अक्षरजुळणीने सुटणारा नाही. त्यावर तिने एक वेगळे प्रकरण लिहिले आहे.